अप्पांची गाडी तापते

"ताई, हिला तापायचा रोगच नाही," गुलाब मिस्त्री म्हणाला.

मी हसले. अप्पांची गाडी तापत नाही असं म्हणणारा अख्ख्या कोल्हापुरात तो पहिलाच माणूस असेल.

उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. १९३७ सालची, गडद हिरवी, मडगार्ड हत्तीच्या पाठीसारखे गोल. मिस्त्रीने रेडिएटर उतरवून दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवला होता. त्याने मला जवळ बोलावलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला.

"बघा. आरपार दिसतंय. उकळणाऱ्या गाडीच्या आत पांढरा थर बसतो, चुन्यासारखा. नळ्या बुजतात. हेडखालचं पॅकिंग जळतं. हिचं पॅकिंग मी काढलं, जसंच्या तसं. ही गाडी वर्षानुवर्षं उकळत असती, तर तिचं इंजिन आतापर्यंत भंगारात गेलं असतं."

"अहो मिस्त्री, दर महिन्याला घाटात तापते. दहा-अकरा वर्षं झाली. माझ्या आईला विचारा."

"आईसाहेब गाडीत बसलेल्या असायच्या का?"

"नाही."

"मग कोण असायचं?"

"अप्पा. आणि धोंडीमामा."

मिस्त्रीने हात फडक्याला पुसले. दाराकडे एकदा बघून घेतलं. धोंडीमामा बाहेर रस्त्यापलीकडे विडी ओढत उभे होते.

"अजून एक दाखवतो," तो हळू आवाजात म्हणाला. "हा पट्टा बघा. ह्याच्यावर पंखा फिरतो आणि पाण्याचा पंप पण. हा ढिला होता. आपोआप होतो तसा नव्हे. डायनामोचा नट पान्याने सैल केलेला. पान्याचे ओरखडे ताजे आहेत. आणि झाकणापाशी वाफेचे डाग आहेत, ते पण ताजे. चार-पाच महिन्यांतले. म्हणजे ही गाडी आधी कधीच उकळली नाही, आणि आता कुणीतरी हिला मुद्दाम उकळतंय."

मी तेव्हा पुण्याला एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. १९८३ सालचा मे महिना होता. जानेवारीत अप्पांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉ. गजानन हेरवाडकर, ज्यांच्या बोलण्यानेच निम्मा आजार बरा होतो असं लोक म्हणत, ते आता व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने शालीची कड चिवडत. तोंडातून एकच आवाज निघायचा, "हं". त्यांना आणि आईला पुण्याला माझ्याकडे न्यायचं, बंगला बंद करायचा आणि गाडी विकायची, असं मी ठरवून आले होते. मुंबईचे एक हॉटेलमालक, ठक्कर नावाचे, गाडी घ्यायला उत्सुक होते. जुन्या गाड्यांचा त्यांना शौक होता. पण त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की डॉक्टरांची गाडी चढाला तापते. "तेवढं नीट बघून घ्या," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. येत्या रविवारी ते स्वतः येणार होते.

धोंडीराम गुरव आमच्याकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते. मला सायकल त्यांनी शिकवली, गाडीही त्यांनीच. मी त्यांना मामा म्हणत असे. गाडी विकायची हे कळल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते.

मिस्त्रीने सगळं पुन्हा बसवून दिल्यावर घरी येताना त्यांनी विचारलं, "मिस्त्री काय म्हणाला, ताईसाब?"

"पट्टा ढिला होता म्हणाला. घट्ट केलाय."

आरशात मी त्यांचा चेहरा बघत होते. तो हलला नाही.

"ह्ये मिस्त्री लोक गाडी उभी असताना बघत्यात," ते म्हणाले. "घाटात न्हेल्याबिगर गाडी कळत न्हाई."

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "अप्पांची गाडी पहिल्यापासून तापायची का गं?"

आई अप्पांना भात भरवत होती. "छे. तू कॉलेजात असताना कुठे तापायची? आपण गणपतीपुळ्याला गेलो, गोव्याला गेलो. नंतर सुरू झालं ते. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी साखरप्याच्या दवाखान्यात जायचे, आणि येताना हमखास तासभर उशीर. विचारलं की, गाडी तापली. मी म्हणायची, ती काय गाडी आहे की चुलीवरचा हंडा? नुसते हसायचे." तिने अप्पांचं तोंड पुसलं. "काय हो, हसायचात ना?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. ते नुसतं बघणं नव्हतं. त्यांचा डावा हात शाल सोडून खुर्चीच्या हातावर आपटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. "हं. हं."

"पाणी हवंय का?" आईने विचारलं. त्यांनी मान फिरवली.

संध्याकाळी धोंडीमामा देवळात गेल्यावर मी गॅरेजमध्ये जाऊन डिकी उघडली. पाण्याचे दोन पत्र्याचे डबे होते, झाकणाचे. एक नेहमीसारखा ओला, तळाशी थोडा गंज. दुसरा आतून कोरडा ठणठणीत. त्याच्यात पाणी कधी भरलंच नसावं. झाकण काढल्यावर नव्या कापडाचा आणि साबणाच्या वडीचा वास आला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. उघडून पाहिलं, तर लहान मुलीचा फ्रॉक. पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा. सहा-सात वर्षांच्या मुलीला होईल असा. त्याच्याखाली खोकल्याच्या औषधाची बाटली, आमच्याच दवाखान्यातली.

मला ठाऊक होतं तेवढं, धोंडीमामांना एकच मुलगा होता, आणि तो मिलिटरीत होता. नातवंडं नव्हती. बायको गावाकडे असे.

मी पुडकं जसं होतं तसं ठेवलं. त्या क्षणापासून त्यांची प्रत्येक गोष्ट मला वेगळी दिसायला लागली. त्यांचं खाली बघून बोलणं. किल्ल्या स्वतःच्या कनवटीला ठेवणं. मला वाटलं, हा माणूस अकरा वर्षं अप्पांना फसवत आला. गाडी तापली म्हणायचं, डबा घेऊन निघायचं आणि तासभर कुठेतरी रमायचं. अप्पांना गाडीतलं काही कळत नसे. ते पेशंटच्या नाडीवर बोट ठेवून रोग सांगत, पण स्वतःच्या गाडीचं बॉनेट कसं उघडतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तरी एक गोष्ट बसत नव्हती. आधी फक्त थाप असेल, तर आता जानेवारीनंतर गाडी खरंच कशाला उकळवायची? त्याचंही उत्तर मी शोधलं. गाडी बदनाम करायची, गिऱ्हाईक पळवायचं. गाडी विकली तर ह्यांचं जाणं-येणं बंद होणार.

सोमवारी मी म्हणाले, "उद्या पहिला मंगळवार. साखरप्याला औषधं पोचवायची असतील ना? मी येते."

अप्पा आजारी पडल्यापासून तिथल्या नर्सबाईंना औषधांची पेटी पोचवायचं काम मामाच करत होते.

"तुमी कशाला तरास घेता ताईसाब? ऊन लई हाय."

"मला घाट बघायचाय," मी म्हणाले.

मी कॉलेजचा एक थर्मामीटर बरोबर आणला होता. मलकापूरला थांबून मोजलं, आंब्याला मोजलं. मामा झाकण उघडायचे, मी काचेची नळी पाण्यात सोडायची. चौऱ्याहत्तर अंश. शहात्तर. ते माझ्या हाताकडे बघत उभे राहायचे. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी.

साखरप्याला नर्सबाईंनी चहाला आत बोलावलं. मी पंधरा मिनिटं बसले असेन. बाहेर आले तेव्हा मामा बॉनेटची कडी लावत होते.

"काय केलंत?"

"तेल बघितलं."

त्यांची बोटं काळी झाली होती. तेलाची पट्टी बघायला एवढी बोटं काळी होत नाहीत. बघायचंच होतं मला.

परतीचा घाट चढताना निम्म्यावरच रबराचा वास यायला लागला. माथ्यावर पोचलो तेव्हा झाकणाखालून शीळ घातल्यासारखी वाफ सुटली होती. माथा ओलांडून अर्ध्या मैलावर उजवीकडे दगडाची खाण होती. तिथे वळणावर मामांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.

"तापली," ते म्हणाले.

"खाणीपाशीच तापते का नेहमी?"

"व्हय."

"पुढे-मागे कधीच नाही?"

ते उतरले. बॉनेट उघडून ठेवलं, डिकीतून दोन्ही डबे काढले. "पानी आनतो," म्हणाले आणि रस्त्याच्या कडेची पायवाट धरून खाली निघाले. त्या वयाच्या माणसाच्या मानाने ते भराभर चालत होते.

मी खाली उतरून पट्ट्यावर बोट दाबलं. मिस्त्रीने दाखवलं होतं, अंगठ्याच्या जाडीएवढा दबला पाहिजे. तो चार बोटं आत गेला. नटाभोवती पान्याच्या नव्या खुणा चकाकत होत्या.

मी मामांच्या मागे गेले.

पायवाट खाणीला वळसा घालून एका घरापाशी संपत होती. दगडाचं छोटं घर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, कडेला विहीर. मी करवंदीच्या जाळीशी थांबले. अंगणाच्या कडेला दगडांची ओळ होती. मामा त्या ओळीच्या अलीकडे उभे होते, वहाणा पायात तशाच. तिशीच्या आसपासची एक बाई ओला डबा घेऊन विहिरीकडे गेली. कोरडा डबा एका लहान मुलीने ओढून नेला होता. झाकण उघडून तिने पिवळा फ्रॉक काढला आणि छातीशी धरून नाचायला लागली. मामा हसत होते. जानेवारीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. अप्पा तिकडे खुर्चीत, आणि हा इथे.

"धोंडीराम!"

मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नावाने हाक मारली. ते दचकून वळले.

"हे चाललंय होय अकरा वर्षं? अप्पा रस्त्यावर उन्हात बसून राहायचे आणि तुम्ही इथे दुसरा संसार मांडून? आणि आता अप्पांना बोलता येत नाही म्हणून गाडीचं इंजिन जाळायला निघालात? पट्टा तुम्ही ढिला केलात. मी बघितलाय!"

मी किती मोठ्याने ओरडत होते ते मला नंतर कळलं. वर खाणीत एक ट्रक दगड भरत होता. तिथली सगळी माणसं काम थांबवून कठड्याशी आली होती; ट्रकच्या घरघरीत त्यांना शब्द कळले नसावेत, आवाज मात्र पोचला होता.

बोलली ती विहिरीवरची बाई. डबा खाली ठेवून ती माझ्यासमोर आली.

"वाईट बोलू नगा, ताई. मी त्यांची ल्येक हाय."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तेच रुंद कपाळ, तेच बारीक डोळे.

"हौसा माझं नाव. मी वडाराच्या घरात लगीन केलं. माझा मालक हितं खानीत सुरुंगाच्या कामावर हाय. आमी गुरव. देवाची पूजा आमच्या घरात. भावकी जमली. थोरला चुलता, यशवंताप्पा, त्येच्या तीन पोरींची लग्नं व्हायची. त्यो म्हनला, ह्या पोरीचं तोंड बघितलं तर माझ्या पोरी कोन करंल? बाबाला देवळात भंडारा उचलाय लावला. 'आपनहून पोरीच्या दारात जानार न्हाई.' आसं बोलून घेतलं."

"आपणहून," मी म्हणाले.

"व्हय. बाबानं चार म्हैने जेवान सोडल्यागत केलं. मग डाक्टरसायबांनी इचारलं, धोंडीराम, शपथ नेमकी काय घेतलीस? अक्षरं सांग." तिने डोळ्यांना पदर लावला. "अक्षरं ऐकली न् सायेब म्हनले, आपनहून न्हवं ना? मग मी धाडतो. त्या मंगळवारी हितं गाडी थांबीवली न् म्हनले, गाडी तापलीया, खाली घर दिसतंय तितनं पानी आन. माझा हुकूम हाय. तवापासनं दर म्हैन्याला. सायेब वर गाडीत पेपर वाचत बसायचं."

मामा अजून दगडांच्या ओळीच्या अलीकडेच होते. ते पहिल्यांदा बोलले, माझ्याकडे न बघता.

"सायेब बोलत हुते तवर गाडी एकदाबी तापली न्हाई, ताईसाब. गरजच न्हवती. आता हुकूम द्यायला कोन न्हाई. मग आपनहून कसं यायचं? गाडी खरीच तापली तर पानी आनाय लागतं. त्येला माझा विलाज न्हाई." मग म्हणाले, "इंजिनाला धक्का लागू दिला न्हाई. माथ्यावर आलं की लगीच बंद करतो."

मी त्या दगडांवरच बसले. ती छोटी फ्रॉक पाठीमागे लपवून माझ्याकडे भीतीने बघत होती. हौसाने मला पाणी आणून दिलं. मी प्यायले. मामांनी मात्र त्या घरचं पाणी अकरा वर्षांत फक्त गाडीला घातलं होतं.

वर आल्यावर त्यांनी पान्याने पट्टा घट्ट केला, रेडिएटर भरला. तिथून आम्ही थेट घरी आलो. फाटकाशी मी म्हणाले, "मामा, मी चुकले." त्यांनी मान हलवली. ती क्षमेची होती की नुसती ऐकल्याची, ते मला कळलं नाही.

मग म्हणाले, "त्यो ट्रकवाला आमच्या गावचा हुता."

रविवारी सकाळी ठक्कर आले. पांढऱ्या शर्टातला गोरा, आटोपशीर माणूस. त्यांनी गाडीभोवती चार चकरा मारल्या, वाकून खालून बघितलं, दारं उघडून-लावून आवाज ऐकला. मग व्हरांड्यात अप्पांच्या शेजारी चहाला बसले. खूष होते. मिस्त्रीचं म्हणणं मी त्यांना फोनवर आधीच कळवलं होतं.

आम्ही बोलतच होतो, तेवढ्यात फाटक वाजलं.

आलेल्या माणसाच्या कपाळाला भंडारा होता, डोक्यावर पांढरा पटका. त्याने पायरीशी वहाणा काढल्या, अप्पांच्या पायांना हात लावला आणि तो खालीच बसला.

"मी यशवंत गुरव. धोंडूचा थोरला भाऊ."

गॅरेजच्या दारात धोंडीमामा गाडी पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"डाक्टरसायेब देवमानूस. माझ्या आईचं डोळं त्येंनी फुकट बघितलं," यशवंतराव म्हणाले. "म्हनून हितं येऊन इचारतोय, गावात तमाशा करत न्हाई. मंगळवारी माझा भाऊ त्या पोरीच्या दारात हुता. ट्रकवाल्यानं बघितला. मी धोंडूला इचारलं, तर त्येचं अकरा वर्सांचं एकच पालुपद. गाडी तापली, सायबांनी पान्याला धाडलं. आता सायेब कसं धाडत्याल?"

ठक्कर कप हातात धरून ऐकत होते.

"काल मी उद्यमनगरात गेलतो," ते पुढे म्हणाले. "मिस्त्रीला गाठलं. त्यो म्हनला, त्या गाडीला तापायचा रोगच न्हाई. म्हंजे अकरा वर्सं ह्यो देवाम्होरं खोटा पडला. माझी धाकटी लग्नाची ऱ्हायलीया. दोन ठिकानं मोडली. ताई, तुमी शिकलेल्या. तुमी मंगळवारी गाडीत हुता. मला तुमच्या तोंडनं ऐकायचंय. गाडी तापती का न्हाई?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

ठक्करांनी कप बशीत ठेवला. तेही माझ्याकडे बघत होते. दोघांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

अप्पांचा डावा हात खुर्चीच्या हातावरून उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला. मी जाऊन तो धरला. बोटं गार होती, पण पकड घट्ट होती.

"तापते," मी म्हणाले. "घाट चढून आली की तापते. मंगळवारीही तापली. नुसती वाफ. तुमच्या ट्रकवाल्याला विचारा, वाफ दिसली का नाही. मिस्त्रीला काय कळतंय? त्याने ती शेडमध्ये बघितली, घाटात नाही."

"आन् पान्याला कुनी धाडलं?"

"मी."

"त्याच घरात?"

"जवळ दुसरं घर नाही. धोंडीमामा नको म्हणत होते. मी ओरडले त्यांच्यावर. मी ओरडलेलंही ट्रकवाल्याने ऐकलं असेल."

"ऐकलं," यशवंतराव म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं. तीस वर्षं देवाच्या पुढ्यात बसून माणसांचे नवस ऐकणारा तो माणूस होता. त्याने अप्पांकडे मान वळवली. "सायेब, ही म्हनती ते खरं?"

अप्पांनी मान हलवली. एकदा नाही, तीन-चारदा. "हं," म्हणाले. "हं. हं." आणि त्यांच्या वाकड्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. आईने पुढे होऊन पुसली. मी ओळखलं की ते हसतायत.

यशवंतराव उठले. "सायेब म्हनले तर माझं काय म्हननं न्हाई," एवढं बोलून ते गेले. गॅरेजकडे त्यांनी बघितलं नाही.

ठक्करही उठले. "बेन, फोनवर तुम्ही वेगळं बोलला होता."

"हो."

"मिस्त्री खरा की तुम्ही खऱ्या?"

यशवंतराव अजून फाटकातच होते, कडी लावत. "मी खरी," मी म्हणाले.

त्यांनी हात जोडले. मुंबईच्या माणसाकडे वेळ कमी असतो.

गाडी विकली गेली नाही. बंगला बंद करायचा बेतही त्या सुट्टीत राहिला. आईला मी दुपारी सगळं सांगितलं, तेव्हा ती अप्पांच्या समोर जाऊन बसली. मग म्हणाली, "अकरा वर्षं गार आमटी जेवलात. मला सांगितलं असतंत तर मी पेपरबरोबर थर्मासही दिला असता."

मी पुण्याला गेले. पण जूनच्या पहिल्या मंगळवारी, आणि पुढेही दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, आई पायरीवर उभी राहून शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात सांगायची, "धोंडीराम, घाटात गाडी तापेल. खाणीपाशी पाणी भरून घ्या. विसरलात तर बघा!" पट्ट्याला पान्याची गरज पुन्हा पडली नाही.

अप्पा दिवाळीत गेले. पुढच्या माघात यशवंतरावांच्या धाकटीचं लग्न झालं. मी गेले होते. अक्षता पडल्यावर यशवंतराव धोंडीमामांपाशी आले. दोघं भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. यशवंतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मामा एस.टी.ने आंब्याला, घाटमाथ्यावरच्या त्या खाणीकडे, गेले. एकटेच. ते मला हौसाने फार वर्षांनी सांगितलं. दुपारी ती दळत बसली होती. अंगणात वहाणा काढल्याचा आवाज आला. बाबा दारात उभे. तिने घाईने घोंगडं अंथरलं, पाण्याचा तांब्या भरला, पोरीला चहा टाकायला सांगितलं.

"बस म्हनलं बाबाला," हौसा म्हणाली. "तर बसंना. भिंतीला हात लावून चूल बघितली, उतरंड बघितली, आढं बघितलं. मी म्हनलं, आवं च्या निवतोय. तर म्हनला, थांब गं. आधी घर बघू दे मला."